मे महिन्याची विहीर, जुलैची जमीन आणि पाहुण्यांच्या खोल्या

सेंद्रिय शेतावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं ठरलं की बहुतेक जण आधी नकाशा काढून घेतात, मग बँकेत जातात आणि विहिरीकडे सगळ्यात शेवटी बघतात. कोकणात तरी हा क्रम उलटा हवा. खोल्या तीन बांधायच्या की आठ, हे मोकळ्या जागेवर किंवा कर्जाच्या रकमेवर ठरवू नये. मे महिन्यात विहीर दिवसाला किती पाणी परत देते आणि जुलैमध्ये भिजून तुडुंब झालेली जमीन किती सांडपाणी पोटात घेते, हे दोन आकडे काढले की खोल्यांचा आकडा आपोआप समोर येतो. सौरऊर्जा, जांभ्याच्या भिंती, बांबूचं छत हे सगळं त्यानंतर.

इथले आकडे सिंधुदुर्ग आणि दक्षिण रत्नागिरीसाठी आहेत: जांभा जमीन, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि फेब्रुवारीपासून आटत जाणारं पाणी. घाटावर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

विहिरीपासून सुरुवात

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, विहीर मोजायची. संध्याकाळी पंप लावून पाणी नेहमीच्या उपशाइतकं खाली घ्यायचं, पंप बंद करायचा, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजायची आणि दर तासाला पुन्हा मोजायची. पहिल्या दोन तासांत पाणी झपाट्याने चढतं, नंतर वेग मंदावतो. म्हणून रात्रभराची सरासरी घ्यायची, पहिल्या तासाचा आकडा धरायचा नाही. विहिरीचा व्यास ३ मीटर असेल तर तिचं क्षेत्रफळ ७ चौरस मीटर भरतं. पाणी तासाला १० सेंटिमीटर चढत असेल तर तासाला ७०० लिटर आलं. दिवसाला १० तास असा भराव मिळतो असं धरलं तर ७००० लिटर.

आता त्यातून शेताचा वाटा काढायचा. ठिबकवर सुपारीला उन्हाळ्यात झाडामागे रोज साधारण २० लिटर, माडाला ५० लिटर. २०० सुपाऱ्या आणि २० माड म्हणजे ५००० लिटर. चार गुरांना २४० लिटर. घरातली सहा माणसं १०० लिटरप्रमाणे ६००. उरले ११६०. पाहुण्यामागे १२० लिटर धरले तर नऊ माणसं बसतात. पण एक पाऊस उशिरा आला, एक व्हॉल्व्ह रात्रभर गळला, तर हिशोब कोसळतो. म्हणून उरलेल्या पाण्यातला चौथा भाग राखीव ठेवायचा. राहिली सात माणसं, म्हणजे तीन खोल्या. जागा दहा खोल्यांची असली तरी तीनच. जास्त खोल्या हव्या असतील तर आधी पाणी साठवायचं, मग बांधकाम.

१२० लिटर हा आकडा कुठून येतो तेही सांगायला हवं. मेमध्ये माणूस दोनदा आंघोळ करतो: २० लिटरच्या दोन बादल्या, ४० लिटर. शौचालयाला २५. हातपाय, दात, लोटा यांना १५. स्वयंपाक आणि भांड्यांना २०. चादरी-टॉवेल धुण्याचा वाटा २०. हे बादलीचं गणित आहे. शॉवर लावला की ते मोडतं, कारण साधा शॉवर मिनिटाला १० ते १५ लिटर सोडतो आणि शहरातून आलेला माणूस त्याखाली सहज दहा मिनिटं उभा राहतो. शॉवर द्यायचाच असेल तर कमी प्रवाहाचा आणि पाऊस सुरू असलेल्या महिन्यांपुरता. नळांच्या तोंडाला मिनिटाला ३ लिटरच सोडणाऱ्या जाळ्या (एरेटर), फ्लशला ३ आणि ६ लिटरची दुहेरी टाकी. जुन्या बनावटीची टाकी एका वेळी १० ते १२ लिटर ओतते. तिच्यात पाण्याची भरलेली बाटली ठेवण्याचा उपाय कामचलाऊ आहे, टाकी बदलणंच बरं. ‘पाणी जपून वापरा’ अशा पाट्यांवर विसंबू नये. बादली २० लिटरची ठेवली तर माणूस २० लिटरच वापरतो.

समुद्राजवळच्या विहिरींना वेगळा धोका आहे. मेमध्ये जास्त उपसा झाला की पाणी मचूळ होतं, आणि एकदा खारं पाणी आत सरकलं की ते पहिल्या पावसाने लगेच निघत नाही. अशा ठिकाणी पातळीची खूण विहिरीच्या भिंतीवर रंगाने करून ठेवावी आणि त्याखाली पंप चालवायचाच नाही.

साठवणीचं पाणी छतावरून मिळतं. १०० चौरस मीटरचं कौलारू छत, ३००० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के घट धरली तरी वर्षाला २ लाख ४० हजार लिटर. ते सगळं साठवायची गरज नसते. एप्रिल-मेचे ६० दिवस रोज १००० लिटर कमी पडणार असतील तर ६० हजार लिटरची साठवण पुरते. २० हजार लिटरच्या तीन फेरोसिमेंट टाक्या एका मोठ्या टाकीपेक्षा चांगल्या: एकीला चीर गेली तरी दोन राहतात, आणि एक रिकामी करून धुता येते. पहिलं पाणी वाया घालवण्यासाठी चौरस मीटरला निदान १ लिटर, म्हणजे या छताला १०० लिटर सोडून द्यायला हवेत. अनेक ठिकाणी ४ इंची पाइपचा तुकडा त्यासाठी लावलेला दिसतो. पण तसल्या पाइपमध्ये मीटरमागे ९ लिटरच मावतात, त्यामुळे तो नुसता देखावा राहतो. त्याऐवजी २०० लिटरचं पिंप, खाली कायम उघडी राहणारी बारीक तोटी, आणि पिंप भरलं की पाणी टाकीकडे वळेल अशी जोडणी करावी. टाकी जूनच्या पाण्याने भरू नये, त्यात कौलांवरचा शेवाळ, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा पातेरा असतो. जुलैच्या मध्यात भरून घ्यायची आणि सप्टेंबरच्या सरींनी वरचेवर तुडुंब ठेवायची. आत उजेड गेला नाही आणि तोंडाला बारीक जाळी असली तर हे पाणी मेपर्यंत चांगलं टिकतं. जाळीत एक भोक पडलं तरी डासांची पैदास टाकीत होते, आणि डेंगीचा डास पाहुण्यांच्या खोलीपासून फार लांब राहत नाही.

पिण्याच्या पाण्यात सेंद्रियपणाचा हट्ट नको. पहिल्या जोराच्या पावसानंतर विहिरीत वरचं पाणी उतरतं, तेव्हा ब्लीचिंग पावडर घालावीच लागते. प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटर होतात, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत पाण्याखाली सोडून हलवायची. निदान तासभर पाणी उपसायचं नाही. हे रात्री केलेलं सोयीचं. गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी, करून घ्यायची. यानंतर गाळणी आणि अतिनील दिव्याचा फिल्टर, आणि खोलीत माठ किंवा तांब्याची कळशी. पाहुणा बाटलीबंद पाणी आणतो तो भीतीपोटी. तपासणीचा ताजा अहवाल पडवीत लावलेला असेल तर ती भीती कमी होते आणि बाटल्यांचा ढीगही.

जुलैमध्ये काय होतं

सांडपाण्याच्या बहुतेक व्यवस्था जानेवारीत बांधल्या जातात आणि जानेवारीत त्या उत्तम चालतात. जुलैमध्ये भूजल जमिनीलगत येतं, शोषखड्डा बाहेरूनच भरतो, शौचालयात गुडगुड आवाज येऊ लागतो आणि फ्लश केलेलं पाणी वर येतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जांभा हा भोकं आणि भेगा असलेला दगड. मातीत १०-१५ मीटर अंतर मैलापाणी गाळायला पुरतं असं मानतात. जांभ्याच्या भेगेतून तेच पाणी न गाळता कितीतरी लांब जाऊ शकतं. म्हणून नुसतं अंतर मोजून भागत नाही. शोषखड्डा विहिरीच्या उताराखाली हवा, आणि शेजाऱ्याच्या विहिरीच्या वर येणार नाही हेही पाहायला हवं.

मैलापाणी आणि आंघोळीचं पाणी पहिल्यापासून वेगळं ठेवा. भिंतीत पाइप गाडल्यावर हे बदलता येत नाही, म्हणून बांधकामाच्या वेळी यात पैसे वाचवू नयेत.

शौचालयासाठी बंद सेप्टिक टाकी. दहा माणसांसाठी आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर आणि वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. यात गाळ दोन वर्षांनी काढावा लागतो. मधली आडभिंत पहिल्या कप्प्याला दोन तृतीयांश लांबी मिळेल अशी. वायुनलिका छताच्या पागोळीपेक्षा उंच न्या, नाहीतर वास पडवीत उतरतो. टाकीपर्यंत गाळ उपसणारा टँकर पोचेल का हे आधीच बघा; पाणंद सहा फुटांची असेल तर तो पोचत नाही, आणि मग माणूस टाकीत उतरवण्याचा विचार सुरू होतो. तो कधीही करायचा नाही. आतल्या वायूने माणसं मरतात.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत खोल न सोडता उंच वाफ्यात सोडायचं. जमिनीच्या वर ६० सेंटिमीटरचा चिऱ्यांचा कठडा, तळाला खडी, वर माती, त्यात बांबू किंवा कुंपणाची झाडं. वरच्या अंगाला आडवा चर काढून डोंगराचं वाहतं पाणी वाफ्यापासून दूर वळवायचं. एवढं करूनही जुलैत झाडं फारसं पाणी ओढत नाहीत, हवा दमट असते. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या पूर्ण भरूच नयेत. ‘मान्सून पॅकेज’ला मागणी असते, पावसातलं कोकण सुंदर दिसतं हे खरंच; पण तीनपैकी एक-दोन खोल्या द्याव्यात आणि जमिनीला तेवढंच द्यावं जेवढं ती जिरवू शकते.

प्रमाणित सेंद्रिय शेत असेल तर मानवी मैल्याचं खत खाण्याच्या पिकांना चालत नाही. आजोबांच्या काळी सोनखत होतंच की, हे खरं असलं तरी नियम पाळायचा. शेतातल्या कामगारांसाठी आणि दिवसभराच्या पाहुण्यांसाठी दोन कप्प्यांचं कोरडं शौचालय बांधता येतं. एक कप्पा वापरात, दुसरा वर्षभर बंद, प्रत्येक वापरानंतर राख आणि भुसा. तयार झालेलं खत बांबूला, सावलीच्या झाडांना. कोकणात यात मोठी अडचण ओलाव्याची. भुसा पावसाळ्यात ओला होतो आणि कप्पा सडतो. मेमध्येच भुशाची पोती भरून माळ्यावर ठेवावी लागतात.

आंघोळीच्या आणि स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी खडीचा वाफा चांगला चालतो. सहा पाहुण्यांचं हे पाणी दिवसाला ४८० लिटरच्या आसपास भरतं. माणशी दीड चौरस मीटर धरून ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल वाफा पुरतो. पाणी त्यात साधारण चार दिवस थांबतं. तळाला लांबीत ६ सेंटिमीटर उतार, जाड प्लास्टिकचे दोन थर किंवा फेरोसिमेंट. पहिल्या अर्ध्या मीटरमध्ये ४० ते ६० मिलिमीटरचे दगड, पुढे १० ते २० मिलिमीटरची खडी. खडी काळ्या दगडाची आणि धुतलेली हवी. जांभ्याचे तुकडे फुकट मिळतात म्हणून घालू नका, ते भुगा होऊन वाफा तुंबवतात. बाहेरच्या टोकाला फिरवता येणारा एल्बो लावून पाण्याची पातळी खडीच्या खाली ५ ते १० सेंटिमीटर ठेवायची, म्हणजे पाणी उघडं पडत नाही आणि डास होत नाहीत. कर्दळ आणि वेखंड लावावं. पाणकणसाची मुळं प्लास्टिक फाडतात.

तुंबतं ते नेहमी तोंडाशी. कारण बहुतेक वेळा तेल. स्वयंपाकघराचं पाणी वाफ्यात शिरण्याआधी तीन कप्प्यांच्या तेलसापळ्यातून गेलं पाहिजे, आणि तो सापळा दर आठवड्याला उपसला पाहिजे. कोंबडी-माशाच्या रश्शाची ताटं धुण्याआधी राखेने किंवा सुक्या पातेऱ्याने पुसून घेतली तर सापळ्याचं काम निम्मं होतं. वाफ्यातून निघालेलं पाणी केळीला सोडावं, भाजीला नाही, आणि चोवीस तासांहून जास्त साठवू नये. साठलं की काळं पडतं आणि घाण वास येतो.

या सगळ्याचा शत्रू एकच: सफाईच्या कपाटातल्या बाटल्या. ॲसिड, फिनाईल आणि ब्लीच शौचालयात ओतलं की सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात आणि आठवडाभर टाकी नुसती घाण पाण्याची साठवण बनते. लिंबूवर्गीय सालींचं एन्झाइम घरी होतं: गूळ १ भाग, साली ३ भाग, पाणी १० भाग, ९० दिवस, पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. फरशी आणि न्हाणीला ते छान चालतं. पण ते जंतुनाशक नाही. पाहुणा आजारी पडला, जुलाब-उलट्या झाल्या, तर खोली ब्लीचनेच पुसायची आणि ते पाणी टाकीत न ओतता बाजूला मोकळ्या जागेत, विहिरीपासून लांब, खड्ड्यात टाकायचं.

चादरी पांढऱ्या ठेवू नका. पांढऱ्या चादरीला महिन्याभरात डाग पडतात आणि मग ब्लीच आलंच. हातमागाच्या रंगीत, गडद चौकडीच्या चादरी घ्या. रिठ्याने डाग निघत नाहीत, साधे कपडे निघतात. चादरींना सोडियम कमी असलेलं द्रव साबण वापरावं, कारण पावडरीतलं सोडियम वर्षानुवर्षं साचून हे पाणी जिथे जिरतं तिथली माती कडक करतं. पावसाळ्यात चादर वाळायला पारदर्शक पत्र्याची, चारी बाजूंनी मोकळी शेड लागते. ती नसेल तर खोलीला माणशी चार जोड ठेवूनही कुबट वास जात नाही.

शेण किती, गॅस किती

गोबरगॅसबद्दल अपेक्षा फार असतात, म्हणून आकडे. २ घनमीटरच्या दीनबंधू संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. पुस्तकात यासाठी चार-पाच जनावरं लिहिलेली असतात. ती गोठ्यात बांधलेली, मोठ्या चणीची जनावरं. कोकण कपिला गाय लहान चणीची, दिवसाला ८ ते १० किलो शेण देते, आणि दिवसभर चरायला गेली तर निम्मं शेण रानातच पडतं. म्हणजे चरणाऱ्या पाच गायींवर १ घनमीटरचं संयंत्रही जेमतेम चालेल. गोठ्यातल्या चार म्हशी असतील तर २ घनमीटर सहज चालतं. मोठं संयंत्र बांधून अर्धपोटी चालवण्यापेक्षा लहान बांधून पोटभर चालवणं चांगलं. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने सिंधुदुर्गात घरोघरी गोबरगॅस उभे केले आहेत. बांधण्याआधी त्यांच्यासारख्या अनुभवी लोकांचं चालू संयंत्र आणि ते चालवणारी बाई या दोघांना भेटून या.

१ घनमीटर गॅस म्हणजे साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. २ घनमीटर पूर्ण मिळाले तर १४.२ किलोचा सिलिंडर सोळा-सतरा दिवसांनी वाचतो. एका शेगडीवर सुमारे चार तास. चहा, भात, वरण, भाजी होतात. दहा माणसांच्या भाकऱ्यांना आणि मासे तळायला सिलिंडर किंवा चूल ठेवावीच लागते. ‘आमच्याकडे सगळा स्वयंपाक गोबरगॅसवर’ असं जाहिरातीत लिहिण्याआधी हा हिशोब करून बघावा.

सुरुवातीला येणारा वायू जळत नाही, त्यात हवा आणि कर्बवायू जास्त असतो. तो सोडून द्यायचा. ज्योत नेहमी शेगडीवरच तपासायची, संयंत्राच्या नळीच्या तोंडाशी काडी कधीच ओढायची नाही. पाइपात पाणी साचून ज्योत उड्या मारू लागते, म्हणून पाइप एका बाजूला उतरता आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी. पाहुण्यांचं उष्टं, शिळा भात, फळांचा गर वाटून दिवसाला थोडा थोडा घालता येतो. लिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, हाडं, अंड्याची कवचं, साबणाचं पाणी घालायचं नाही. सणाच्या दिवशी उरलेला सगळा भात एकदम ओतला की दोन दिवसांत आंबट वास येतो आणि ज्योत विझते: आत आम्ल वाढलेलं असतं. चार-पाच दिवस खरकटं बंद, फक्त शेणकाला, आणि थोडी चुन्याची निवळी. बहुतेक वेळा एवढ्याने ते मार्गी लागतं.

गोठा कुठे बांधायचा हेही इथेच. पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणून गोठा खोल्यांच्या पश्चिमेला नको. हिवाळ्यात पहाटेचा वारा डोंगराकडून, म्हणजे पूर्वेकडून उतरतो, म्हणून सरळ पूर्वेलाही नको. उत्तरेला, थोडा उताराखाली, ४०-५० मीटरवर ठेवला तर वास आणि गोमाशा दोन्ही आटोक्यात राहतात.

गरम पाण्याचा प्रश्न कोकणात दोन तुकड्यांत सोडवावा लागतो. ऑक्टोबर ते मे सौर बंब: तीन खोल्यांना २०० लिटर. पाइपाची लांबी कमी ठेवा. पाऊण इंची पाइप २० मीटर लांब असेल तर त्यात ६ लिटर थंड पाणी अडकतं आणि प्रत्येक आंघोळीआधी ते ओतून दिलं जातं. जून ते सप्टेंबर तांब्याचा साधा बंब, त्यात नारळाची सोडणं, करवंट्या आणि काजूच्या छाटलेल्या फांद्या. तेही मेमध्ये वाळवून आत भरलेलं असलं तर. ओल्या सोडणाने नुसता धूर होतो.

वीज तीन खोल्यांना फारशी लागत नाही. कमी वॅटचे बीएलडीसी पंखे ३० वॅटचे, जुने ७५ चे. तीन पंखे, डझनभर दिवे, एक फ्रिज, एक अश्वशक्तीचा पंप दोन तास, मिक्सर आणि फोन मिळून दिवसाला ५ युनिट. २ किलोवॅटचे पॅनेल उन्हाच्या दिवसांत ८ युनिट देतात, जुलैच्या दाट ढगांत १-२. पंप दुपारी चालवून वरची टाकी भरून ठेवली की तेवढी बॅटरी वाचते. किनाऱ्याजवळ सांगाड्याचे नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे दोन पावसाळ्यांत गंजतात. एसी नको. चिऱ्याची जाड भिंत, कौलं, त्याखाली बांबूच्या तट्ट्याचा माळा, समोरासमोर खिडक्या आणि चारी बाजूंना पडवी असली तर मेची दुपार सोसवते. एसी एकदा लावला की पॅनेल, बॅटरी आणि वायरिंग तिप्पट होतं.

ताटातलं, आणि ताटाबाहेरचं

शेत सेंद्रिय म्हणून ताटातलं सगळं सेंद्रिय होत नाही. तेल, साखर, चहा, मीठ, बरीच डाळ बाहेरची असते. पडवीत एक फळा लावून रोज लिहावं: आज शेतातलं काय, शेजारच्या गावातलं काय, दुकानातलं काय. पाहुणे हे वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. शब्दही जपून वापरावेत. पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासायची पद्धत) गटाकडून प्रमाणपत्र असेल तर रूपांतराच्या काळात ‘पीजीएस ग्रीन’, पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस ऑरगॅनिक’. आंबा-काजूसारख्या बहुवर्षायू पिकांना एनपीओपीत, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात, तीन वर्षं लागतात. त्याआधी ‘सेंद्रिय’ लिहू नये. ‘रासायनिक खत-औषध वापरत नाही’ एवढं लिहिणं पुरेसं आणि खरं आहे.

शेजारची हापूसची बाग फवारणीची असेल तर तुषार बांध ओलांडून येतात. बांधाला उंदीरमारी आणि शेवरीची दाट दुहेरी ओळ लावावी, आणि मोहोराच्या काळात शेजाऱ्याकडून फवारणीचा दिवस आदल्या रात्री कळेल असे संबंध ठेवावेत. त्या सकाळी पाहुण्यांना त्या बाजूला फिरायला न्यायचं नाही.

मेन्यू महिन्यावर ठरवा. पावसाळ्यात टाकळा, अळू, कुर्डू. हिवाळ्यात वाली, मुळा, लाल माठ. उन्हाळ्यात फणसाची भाजी, काजूची उसळ, आमरस. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, सोलकढी बाराही महिने. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ताजा बांगडा-सुरमई मागणाऱ्या पाहुण्याला सुकट, सुका बोंबील द्यायचा आणि कारण सांगायचं. दुपारच्या जेवणाची माणसं सकाळी दहापर्यंत पक्की करून घेतली की अन्न उरत नाही, आणि उष्टं कमी हवं असेल तर ताट वाढून देण्याऐवजी पंगतीत वाढत जावं.

कचऱ्यात खरी डोकेदुखी डायपर आणि सॅनिटरी पॅडची. ती कंपोस्टमध्ये जात नाहीत, जाळली की विषारी धूर होतो, सेप्टिक टाकीत गेली तर पाइप तुंबतो. प्रत्येक न्हाणीत झाकणाचा डबा आणि जुन्या कागदाच्या पिशव्या ठेवाव्यात आणि गोळा झालेलं जवळच्या नगरपंचायतीच्या व्यवस्थेकडे पोचवावं. बुकिंगच्या वेळीच हे लिहून कळवलेलं बरं: बादलीने आंघोळ, एसी नाही, रात्री किडे येतात, प्लास्टिक परत न्यायचं. ज्यांना हे नको ते आधीच दुसरीकडे जातात आणि कुणाचाच विरस होत नाही.

किडे येतात तसे साप येतात. खरकटं उघडं राहिलं की उंदीर, उंदरामागे नाग आणि घोणस. फुरसं मात्र कातळावर, दगडांच्या ढिगात असतं, म्हणून खोल्यांजवळ उरलेल्या चिऱ्यांची रास ठेवू नये. वाटांवर जमिनीलगत मंद पिवळे दिवे लावावेत. पांढऱ्या झगझगीत दिव्यांवर किडे जमतात, किड्यांवर बेडूक, आणि मेअखेरीस काजवेही दिसेनासे होतात. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे आणि रात्री तिथे जायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक कामगाराला पाठ हवं. भातलावणीत पाहुण्यांना उतरवायचं असेल तर पायाला जखम नाही ना हे बघून, गमबूट देऊनच. चिखलातून लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडे जानेवारी ते मे माकडतापाची भीती असते. त्या महिन्यांत जंगलातल्या पातेऱ्यात बसणं नको, फिरून आल्यावर अंगावर गोचीड बघून गरम पाण्याने आंघोळ, आणि मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं.

कागदपत्रं थोडक्यात. महाराष्ट्राच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, त्यासाठी निदान एक एकर शेती लागते. जेवण देता म्हणून अन्न परवान्याची नोंदणी. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) ऑनलाइन भरायची. नातेवाईकासारखा राहिला तरी भरायची. समुद्राजवळ असाल तर पाया खणण्याआधी सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, रेषा तपासून घ्या.

आणि खोल्या कमी भरलेल्या जुलै-ऑगस्टमध्ये कामगारांचा पगार थांबवायचा नाही. दर ठरवतानाच बारा महिन्यांचे पगार बारा भागांत न मांडता पाहुण्यांच्या भर हंगामाच्या महिन्यांवर बसवायचे. त्या दोन महिन्यांत करायला काम भरपूर असतं: वाफ्याच्या तोंडाचे दगड काढून धुणं, दर सरीनंतर आडव्या चरांतला गाळ उपसणं, टाक्यांच्या जाळ्या बघणं, भिंतींवरच्या वाळवीच्या मातीच्या रेषा खरवडणं, आणि विहिरीची पातळी दर सोमवारी वहीत लिहिणं, म्हणजे पुढच्या मेचा अंदाज ऑक्टोबरातच बांधता येतो.